एलेन विल्किन्सन यांचा एक एप्रिल

१९३२ च्या उत्तरार्धात, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या लंडनच्या इंडिया लीगने हिंदुस्थानात एक छोटे शिष्टमंडळ पाठवले. गांधीजी त्या जानेवारीपासून येरवड्याच्या तुरुंगात होते, काँग्रेस बेकायदेशीर ठरलेली होती, कारभार वटहुकमांवर चालला होता आणि ब्रिटिश वृत्तपत्रांपर्यंत या सगळ्याची खबर फारच गाळून पोहोचत होती. प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि परत आल्यावर ब्रिटिश जनतेला सांगावे, एवढाच त्या शिष्टमंडळाचा हेतू होता. व्ही. के. कृष्ण मेनन हे त्याचे चिटणीस होते आणि सदस्यांमध्ये मोनिका व्हेटली, लेनर्ड मॅटर्स आणि मजूर पक्षाच्या माजी खासदार एलेन विल्किन्सन असे तिघे होते. ही मंडळी सुमारे तीन महिने देशभर हिंडली. गांधीजींचे येरवड्यातले उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार या दोन्ही घटना त्याच मोसमातल्या आहेत. विल्किन्सनबाईंनी गांधीजींची तुरुंगात भेट घेतली आणि या माणसाला वगळून हिंदुस्थानात कोणतीही तडजोड टिकणार नाही, असे मत घेऊन त्या परतल्या. शिष्टमंडळाच्या अहवालाला बर्ट्रांड रसेल यांनी प्रस्तावना लिहिली आणि हिंदुस्थानात त्या अहवालावर बंदी आली.

पुण्यात पुणे करारावर बोलणे आजही थांबलेले नाही, आणि ते थांबूही नये; पण त्या पावसाळ्यात इथल्या तुरुंगापर्यंत आलेल्या, पाच फुटांपेक्षाही कमी उंचीच्या आणि भडक तांबूस केसांच्या या बाईंचे नाव त्या बोलण्यात मी क्वचितच ऐकले आहे. तेरा वर्षांनी त्या ब्रिटनच्या शिक्षणमंत्री झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री, आणि मार्गारेट बाँडफील्ड यांच्यानंतर ब्रिटिश मंत्रिमंडळात गेलेल्या दुसऱ्या. मी काही वर्षे महापालिकेच्या शाळेत शिकवले असल्यामुळे असेल, पण त्यांच्या आयुष्यातल्या मोर्च्यांपेक्षा आणि गाजलेल्या भाषणांपेक्षा मला ते शेवटचे दीड वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. ब्रिटनमध्ये त्यांची आठवण मुख्यतः जॅरो या गावातून निघालेल्या बेकारांच्या मोर्च्यासाठी काढली जाते. तो मोर्चा तत्काळ फलाच्या दृष्टीने फसला होता. जे फसले नाही ते एका सरकारी आदेशात आहे, आणि सरकारी आदेशावर कोणी पोवाडे रचत नाही.

एलेन विल्किन्सन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी मँचेस्टरमध्ये झाला. वडील कापडगिरणीत राबलेले, नंतर विमा एजंट. घर मेथडिस्ट पंथाचे, कष्टकरी पण पुस्तके वाचणारे. त्या अकराव्या वर्षापासून शिष्यवृत्तीवर शिकल्या. सोळाव्या वर्षी शिकाऊ शिक्षिका म्हणून अर्धा वेळ वर्गावर उभे राहायचे आणि उरलेला वेळ स्वतः शिकायचे, अशी त्या काळच्या गरीब हुशार मुलींची जी वाट होती तीच त्यांनी धरली. याच वयात त्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासद झाल्या. १९१० मध्ये मँचेस्टर विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी इतिहासाची पदवी घेतली, मग स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत काम केले आणि १९१५ मध्ये सहकारी भांडारांतल्या नोकरांच्या संघटनेत राष्ट्रीय संघटक म्हणून त्या रुजू झाल्या. युद्धामुळे पुरुष आघाडीवर गेले होते आणि दुकानांत, गोदामांत, कारखान्यांत त्यांच्या जागी बायका आल्या होत्या. त्या बायकांना पुरुषांएवढा पगार मिळावा यासाठी भांडणे हे त्यांचे पहिले पगारी काम होते. ही संघटना पुढे विलीन होऊन मोठी झाली. निवडणुकीच्या राजकारणात तिचा आधार त्यांना अखेरपर्यंत राहिला.

रशियन क्रांतीचा प्रभाव त्यांच्यावर पडला नसता तरच नवल. १९२० मध्ये ब्रिटनचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला तेव्हा त्या संस्थापक सभासदांपैकी एक होत्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्कोची वारी केली. १९२४ मध्ये त्या पक्षातून बाहेर पडल्या. मजूर पक्षात राहून काम करायचे तर दुहेरी सभासदत्व चालणार नव्हते, आणि एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी निवडून येण्याची शक्यता असलेला पक्ष निवडला, असे त्यांचे टीकाकार म्हणत. या टीकेत तथ्य आहे, पण मला त्यात दोष दिसत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिडल्सबरो पूर्व या पोलाद कामगारांच्या मतदारसंघातून त्या संसदेत गेल्या. मजूर पक्षाची ती निवडणूक वाईट गेली होती. नव्या लोकसभेत चारच स्त्रिया होत्या आणि त्यांत मजूर पक्षाच्या त्या एकट्या.

तिथे त्यांनी एक गोष्ट लवकर ओळखली. एकटे असताना मैत्री करण्यासाठी पक्ष पाहून चालत नाही. हुजूर पक्षाच्या नॅन्सी अ‍ॅस्टर या कोट्यधीश कुटुंबातल्या. पण स्त्रियांच्या आणि मुलांच्या प्रश्नांवर या दोघींनी सभागृहात एकमेकींना साथ दिली. १९१८ च्या कायद्याने मत मिळाले होते ते तिशी ओलांडलेल्या आणि काही अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रियांना. एकविसाव्या वर्षी पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडले, आणि त्या लढाईत विल्किन्सनबाईंचा आवाज सतत होता. मधल्या काळात, १९२६ च्या मे महिन्यात, नऊ दिवसांचा सार्वत्रिक संप झाला आणि कोसळला. खाणकामगार मात्र पुढे कित्येक महिने एकटे लढत राहिले. त्यांच्या घरांसाठी निधी जमवायला विल्किन्सनबाई अमेरिकेपर्यंत गेल्या.

१९२९ ते १९३१ या मजूर सरकारच्या काळात त्यांच्याकडे मोठे पद नव्हते. आरोग्य खात्यातल्या सूझन लॉरेन्स यांच्या त्या संसदीय साहाय्यक होत्या. त्या काळातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. संसदेने कायदा करायचा आणि तपशिलाचे नियम मंत्र्यांनी करायचे, या वाढत्या पद्धतीची चौकशी करण्यासाठी डोनमोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती आणि विल्किन्सनबाई तिच्या सभासद होत्या. मंत्र्यांच्या हाती नियम करण्याचे अधिकार जाणे हे एक नाइलाजाचे संकट आहे, असा समितीचा सूर होता. त्यांनी मात्र आपली स्वतंत्र टिपणी जोडली आणि आधुनिक राज्याला हे अधिकार लागणारच, असे बजावले. रस्त्यावरच्या कार्यकर्त्याला सहसा नियम, अधिसूचना, तारखा यांचा कंटाळा असतो. त्यांना तो नव्हता.

१९३१ मध्ये मजूर पक्ष फुटला आणि निवडणुकीत त्याची धूळधाण झाली, विल्किन्सनबाईही पडल्या. हिंदुस्थानचा दौरा याच रिकाम्या काळातला. १९३५ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या, त्या जॅरोमधून.

जॅरो हे इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या काठी वसलेले गाव. पामर्स या एका जहाजबांधणी कंपनीवर ते वाढले आणि त्याच कंपनीबरोबर बुडाले. मंदीत जहाजांची मागणी आटली तेव्हा जहाजबांधणी मालकांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. कमकुवत गोद्या विकत घ्यायच्या, बंद करायच्या आणि उरलेल्यांचा धंदा टिकवायचा, असा तिचा कार्यक्रम होता. पामर्सची गोदी या संस्थेच्या हाती गेली आणि तिथे चाळीस वर्षे जहाज बांधायचे नाही अशी अटच घालण्यात आली. दहांतले सात कामगार बेकार झाले. गावात नवा पोलाद कारखाना काढण्याची योजना पुढे आली तर पोलाद मालकांच्या संघाने ती रोखली. व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांच्याकडे गाऱ्हाणे नेले तेव्हा जॅरोने आपला उद्धार आपणच करावा अशा अर्थाचे उत्तर मिळाले, आणि त्या उत्तराने गाव पेटले. या सगळ्यावर विल्किन्सनबाईंनी १९३९ मध्ये एक पुस्तक लिहिले. गावाचा खून झाला आहे, हा आरोप त्यांनी त्याच्या शीर्षकातच केला, आणि कोणत्या बैठकीत कोणता निर्णय कोणाच्या फायद्यासाठी झाला हे आतल्या पानांत मांडले.

मोर्चा निघाला तो ५ ऑक्टोबर १९३६ रोजी. वैद्यकीय तपासणी करून निवडलेले २०० पुरुष, जॅरो नगरपालिकेतल्या सर्व पक्षांचा पाठिंबा, लाकडी पेटीत ठेवलेले अकरा हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन आणि सुमारे ४५० किलोमीटरची वाट. रिपन, लीड्स, शेफील्ड, नॉटिंगहॅम, लेस्टर, नॉर्दम्प्टन, बेडफर्ड असे मुक्काम करीत तो ३१ ऑक्टोबरला भर पावसात लंडनला पोहोचला. शिस्त इतकी कडक होती की कोणत्याही राजकीय पक्षाचा झेंडा सोबत नव्हता. वाटेतल्या काही गावांत हुजूर पक्षाच्या लोकांनीही त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था केली. लेस्टरला सहकारी संस्थेच्या चर्मकारांनी रात्रभर जागून मोर्चेकऱ्यांचे बूट दुरुस्त करून दिले. मोर्च्यांच्या इतिहासात भाषणे नोंदली जातात, पण पायांत काय होते हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून ही गोष्ट टिकली याचे मला बरे वाटते.

विल्किन्सनबाई जमेल तेवढा वेळ त्यांच्याबरोबर चालल्या. मध्येच एडिंबरोला मजूर पक्षाची वार्षिक परिषद होती. तिथे जाऊन त्यांनी पाठिंबा मागितला तर उपाशीपोटी माणसांना रस्त्यावर काढल्याबद्दल त्यांनाच ऐकून घ्यावे लागले. कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळानेही स्थानिक शाखांनी मोर्च्याला मदत करू नये असे कळवले होते. मोर्च्यांमध्ये कम्युनिस्ट घुसतात ही भीती त्यामागे होती. पंतप्रधान बॉल्डविन यांनी मोर्चेकऱ्यांना भेटायला नकार दिला. निवेदन ४ नोव्हेंबरला सभागृहात सादर झाले, रन्सिमन यांनी जॅरोची परिस्थिती सुधारते आहे असे सांगितले, आणि विषय संपला. माणसे आगगाडीने गावी परतली तेव्हा त्यांना कळले की चालत असलेल्या दिवसांत ती कामासाठी उपलब्ध नव्हती, या कारणाने त्यांचा बेकारभत्ता कापण्यात आला आहे.

जॅरोला तेव्हा काहीही मिळाले नाही. पुढे शस्त्रास्त्रांची तयारी आणि युद्ध यांनी काम आणले. जॅरोचा मोर्चा यशस्वी ठरला असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे एवढेच असते की बेकारीचा चेहरा देशाने पाहिला आणि १९४५ मध्ये मतपेटीत त्याचा परिणाम दिसला. हे कदाचित खरे असेल, पण अशी कारणपरंपरा सिद्ध करता येत नाही, आणि विल्किन्सनबाईंना नंतर जे वाटले असेल त्याचा माझा अंदाज असा आहे की पुढच्या वेळी निवेदन देणाऱ्यांच्या नव्हे, ते स्वीकारणाऱ्यांच्या बाजूला आपण असले पाहिजे, हा निश्चय त्यांनी लंडनच्या त्या पावसात केला असावा.

दोन वर्षांनी त्याची चुणूक दिसली. त्या काळी ब्रिटनमधली गरीब घरे फर्निचर, शिवणयंत्र, रेडिओ अशा वस्तू हप्त्यांवर घेत. शेवटचे दोन-तीन हप्ते थकले की दुकानदाराची माणसे घरात शिरून वस्तू उचलून नेत आणि आधी भरलेले सगळे पैसे बुडत. पुष्कळ दुकानदारांचा धंदाच या उचलेगिरीवर चाले. विल्किन्सनबाई विरोधी बाकावर होत्या. तरी त्यांनी अशासकीय विधेयक आणले, व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बसून वाटाघाटी केल्या, हुजूर पक्षाच्या सभासदांची मते मिळवली आणि १९३८ चा हप्तेखरेदीचा कायदा करून घेतला. वस्तूची रोख किंमत गिऱ्हाइकाला आधी सांगितलीच पाहिजे आणि एक तृतीयांश रक्कम भरून झाल्यावर न्यायालयाच्या हुकमाशिवाय वस्तू परत नेता येणार नाही, ही त्याची दोन मुख्य कलमे. हप्ते थकल्यावर भर चौकात दुचाकी उचलून नेणारे वसुलीवाले पुण्यात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या दुसऱ्या कलमाची किंमत वेगळी सांगायला नको.

स्पेनच्या यादवीत त्या प्रजासत्ताकाच्या बाजूने माद्रिदपर्यंत जाऊन आल्या, एकदा हुजूर पक्षाच्या अ‍ॅथोल यांच्यासह आणि एकदा मजूर पक्षाचे नेते क्लेमंट अ‍ॅटली यांच्यासह. १९३७ मध्ये ‘ट्रिब्यून’ हे डाव्या मतांचे साप्ताहिक निघाले त्यातही त्यांचा हात होता. १९४० मध्ये चर्चिल यांचे संयुक्त सरकार आले तेव्हा त्या आधी निवृत्तिवेतन खात्यात आणि मग हर्बर्ट मॉरिसन यांच्या हाताखाली गृहसुरक्षा खात्यात संसदीय सचिव झाल्या. लंडनवर बॉम्ब पडत असताना आश्रयस्थाने तपासत फिरणे हे त्यांचे काम होते. भुयारांत पाणी आहे का, शौचकूप आहेत का, लहान मुलांना झोपायला जागा आहे का, हे त्या रात्री-अपरात्री स्वतः जाऊन पाहत. त्यांचे स्वतःचे घरही बॉम्बने गेले. स्त्रियांना आगीवर पहारा देण्याची सक्ती करणारा आदेशही त्यांच्याच खात्यातून निघाला आणि त्यासाठी जुन्या मैत्रिणींची टीका त्यांनी सोसली. १९२० मधली कम्युनिस्ट कार्यकर्ती वीस वर्षांत सरकारी हुकूम काढणारी झाली, असा टोमणा तेव्हाही मारला गेला.

१९४५ च्या जुलैमध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला. पक्षनेतेपदावर अ‍ॅटली यांच्याऐवजी मॉरिसन यावेत यासाठी विल्किन्सनबाईंनी खटपट केली होती आणि अ‍ॅटलींना ते ठाऊक होते. तरी पंतप्रधान झाल्यावर अ‍ॅटलींनी या बाईंना शिक्षण खाते दिले. अ‍ॅटली हे मितभाषी गृहस्थ कोणत्या मातीचे होते ते यावरून कळते. आपल्याकडचे पक्ष डोळ्यांसमोर आणले तर अशी नेमणूक कल्पनेतही येत नाही.

मुख्य कायदा आधीच झालेला होता. हुजूर पक्षाच्या बटलर यांनी १९४४ मध्ये केलेल्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले होते आणि शाळा सोडण्याचे किमान वय १४ वरून १५ करण्याची तरतूदही त्यात होती. मात्र ती तारीख युद्धामुळे पुढे ढकलली गेली होती. इंग्लंडमध्ये १४ ची मर्यादा १९१८ च्या कायद्याने आलेली. तिच्यात एक वर्ष वाढवायचे म्हणजे एक अख्खा वर्ग नव्याने बसवायचा. हजारो शाळांच्या इमारती बॉम्बमध्ये पडल्या होत्या किंवा मोडकळीस आल्या होत्या, शिक्षक सैन्यात गेले होते, विटा, लाकूड, सिमेंट सगळे आधी घरांसाठी हवे होते. विल्किन्सनबाईंनी तारीख जाहीर केली, १ एप्रिल १९४७. आधी सोय आणि मग सक्ती, असे कोणताही सावध अधिकारी सांगेल. त्यांनी क्रम उलटा लावला, कारण तारीख ठरल्याशिवाय सोय करण्याची निकड कोणत्याच खात्याला वाटणार नाही हे त्यांना ठाऊक होते.

मग सोय करावी लागली. तयार काँक्रीटचे भाग जोडून उभ्या करायच्या बराकी शाळांच्या मैदानांवर टाकण्यात आल्या. त्या कुरूप होत्या, उन्हाळ्यात तापत आणि हिवाळ्यात गारठत. तात्पुरत्या म्हणून आलेल्या यांतल्या कितीतरी पुढे कित्येक दशके वापरात राहिल्या. सैन्यातून सुटलेल्या स्त्रीपुरुषांना एका वर्षात शिक्षक करण्याची तातडीची योजना युद्धातच आखली गेली होती. तिच्यातून १९५१ पर्यंत सुमारे ३५ हजार शिक्षक तयार झाले. एका वर्षात शिक्षक होतो का, हा प्रश्न पुण्यातल्या कोणत्याही अध्यापक विद्यालयात विचारला तर वाद पेटेल. मला विचाराल तर आयुष्याचा अनुभव घेतलेला तिशीचा माणूस वर्षभर नीट शिकला तर वर्गात बरा उभा राहतो.

१९४६ च्या कायद्याने शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला रोज पाइंटचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर दूध फुकट मिळू लागले. आधी यासाठी अर्धा पेनी द्यावा लागे आणि ज्यांना दुधाची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्याच घरी तो अर्धा पेनी नसे. गरीब कोण हे शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांना द्यावे, हा या कायद्याचा गाभा होता. पोषण आहारासाठी दारिद्र्यरेषेचा दाखला मागायचा नाही, हे तत्त्व आपल्याकडच्या सरकारी शाळांनीही पुढे स्वीकारले. वर्गात ताट घेताना कोणाचीच मान खाली जात नाही, हे मी रोज पाहिलेले आहे.

१९४५ च्या नोव्हेंबरात युनेस्कोची स्थापना करणारी परिषद लंडनला भरली. तिच्या अध्यक्षस्थानी विल्किन्सनबाई होत्या. गांधीजींच्या चिटणीस राहिलेल्या राजकुमारी अमृत कौर हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होत्या. त्या दोघींमध्ये येरवड्याचा विषय निघाला असेल का, असे कुतूहल मला आहे.

जानेवारी १९४७ मध्ये खरी कसोटी आली. हिवाळा भयंकर होता, कोळसा संपत आला होता, निर्यात वाढवल्याशिवाय देशाचे दिवाळे निघेल असे अर्थखाते सांगत होते, आणि पंधराव्या वर्षात पदार्पण केलेली लाखो मुले कारखान्यांऐवजी वर्गात बसवणे परवडणारे नाही, म्हणून शाळेचे वय वाढवणे पुढे ढकलावे असा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आला. मांडणारे शत्रू नव्हते, त्यांच्याच पक्षाचे, त्यांच्याच पिढीचे समाजवादी मंत्री होते. विल्किन्सनबाईंचा युक्तिवाद सरळ होता. सुखवस्तू घरातली मुले पंधराव्या वर्षी शाळेत असतातच. पुढे ढकलण्याची किंमत मोजतील ती कामगारांची मुले, ज्यांचे शिक्षण युद्धाने आधीच मोडले आहे. मंत्रिमंडळाने तारीख कायम ठेवली.

इथे पुण्याचा एक जुना संदर्भ आल्यावाचून राहत नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरते, तेही स्थानिक संस्थांच्या मर्जीने, सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, आणि इंग्लंडचा १८७० च्या शिक्षण कायद्यानंतरचा अनुभव हाच त्यांचा मुख्य आधार होता. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैसा नाही, इमारती नाहीत, शिक्षक नाहीत, लोकांची तयारी नाही, ही तेव्हाची सरकारी उत्तरे आणि १९४७ च्या जानेवारीत लंडनच्या अर्थखात्याने दिलेली उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. आपला शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याची मर्यादा १४ वर्षांवर थांबते. आठवी संपली की कायद्याचा हात सुटतो. वस्तीतली मुले नववीत कशी गळतात हे ज्यांनी हजेरीपटावर पाहिले आहे त्यांना त्या एका वर्षासाठी मंत्रिमंडळात भांडणाऱ्या बाईंचे महत्त्व पटेल.

मात्र त्यांच्या कारकिर्दीतली उणी बाजू झाकून चालणार नाही. १९४४ नंतरच्या व्यवस्थेत अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होई: हुशार ठरलेली थोडी ग्रामर शाळेत, काही तांत्रिक शाळेत आणि उरलेली बहुसंख्य साध्या माध्यमिक शाळेत. आपल्याकडच्या शिष्यवृत्ती परीक्षेत नापास झालेले मूल त्याच शाळेत, त्याच बाकावर बसते. तिथे नापास झालेल्या मुलाची शाळाच बदलायची आणि बहुधा आयुष्यही. मजूर पक्षातल्या शिक्षकांनी १९४६ च्या परिषदेत या वाटणीवर कडक टीका केली. विल्किन्सनबाईंनी ती व्यवस्था उचलून धरली. साध्या शाळांनाही तितकाच मान आणि तितकाच पैसा मिळेल, असे त्या सांगत राहिल्या. तसे झाले नाही. त्या स्वतः शिष्यवृत्तीच्या शिडीने वर आल्या होत्या आणि त्या शिडीवर त्यांचा विश्वास होता. शिडीने एका वेळी एकच माणूस चढतो, हे एरवी सामुदायिक लढ्याची भाषा बोलणाऱ्या बाईंना इथे का दिसले नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेले नाही. एकाच वेळी सगळे बदलायला हात घातला असता तर १ एप्रिल हातचा गेला असता, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

पुण्यातल्या समाजवादी मंडळींत चळवळ मोठी की सत्ता हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. या शहराने १९५७ मध्ये नानासाहेब गोरे यांना आणि १९६७ मध्ये एस. एम. जोशी यांना लोकसभेवर पाठवले. दोघांनाही मंत्रिपद लाभले नाही आणि त्याचे कोणाला दुःख झाल्याचे मला आठवत नाही, उलट त्यात एक अभिमानच असे. रेल्वेमंत्री झालेले मधु दंडवते मात्र लोकांच्या लक्षात राहिले ते दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर बसवलेल्या फोमच्या गाद्यांमुळे. नवी पेठेतल्या एका चर्चेत मी विल्किन्सनबाईंचा दाखला दिला तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी, ‘अहो, पण जॅरोशिवाय त्यांना ते खाते कोणी दिले असते?’ असे विचारले. प्रश्न बिनतोड होता.

त्यांची प्रकृती आयुष्यभर नाजूक होती. दमा, श्वासनलिकेचा दाह, त्यावर अखंड काम आणि अखंड सिगारेटी. जानेवारीअखेरीस, बॉम्बने छप्पर उडालेल्या ओल्ड व्हिक नाट्यगृहातल्या एका समारंभात त्या कडाक्याच्या थंडीत उघड्यावर बसल्या आणि आजारी पडल्या. ६ फेब्रुवारी १९४७ रोजी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्यांचे निधन झाले. झोपेच्या औषधाचे प्रमाण जास्त झाले होते. चौकशीत तो अपघात ठरला. वेगळ्या शंका तेव्हाही घेतल्या गेल्या आणि आजही घेतल्या जातात, पण त्यांना ठोस आधार नाही.

जॉर्ज टॉमलिन्सन त्यांच्या जागी आले आणि आठ आठवड्यांनी, ठरलेल्या तारखेला, नियम लागू झाला. अकराव्या वर्षीची वाटणी मोडून सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा करण्याचे परिपत्रक निघायला १९६५ उजाडावे लागले. तेही मजूर पक्षाच्याच सरकारने काढले. माध्यमिक शाळांतले फुकटचे दूध १९६८ मध्ये मजूर सरकारने बंद केले. १९७१ मध्ये सात वर्षांवरील बाकीच्या मुलांचे दूध बंद झाले तेव्हा शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर होत्या आणि शाळा सोडण्याचे वय १५ वरून १६ करणारा आदेशही पुढच्याच वर्षी त्यांच्याच खात्यातून निघाला. तो १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला, आणि त्या वर्षी इंग्लंडमधल्या शाळांच्या मैदानांवर पुन्हा तात्पुरत्या इमारती उभ्या राहिल्या.